गोहरबाई कर्नाटकी : एका अपकीर्तीचा हिशेब

सोलापूरच्या दक्षिणेस अगदी जवळ होटगीचे जंक्शन आहे. तेथून निघणारा लोहमार्ग विजापूर व बागलकोट करीत गदगला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तो सुरू झाला आणि मराठी व कानडी मुलखांमधील अंतर एका रात्रीचे होऊन बसले. भाषेची सीमा येथे पूर्वीपासूनच पुसट होती. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच पेठेत कानी पडतात. संगीत रंगभूमीला तर ही सीमा कधीच ठाऊक नव्हती. १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ उभे करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे, म्हणजे कर्नाटकातलेच. सोलापूर, विजापूर, हुबळी, धारवाड, बेळगाव हा मराठी नाटक मंडळ्यांचा हक्काचा मुलूख होता आणि ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नसे, असे रसिकही नाट्यपदांवर जीव टाकीत असत.

मंडळी मुक्काम हलवून गेली तरी तिचे गाणे मात्र मागे राहू लागले, ते ग्रामोफोनमुळे. बालगंधर्वांच्या तबकड्या ज्या घरांत वाजत, त्यांपैकी अनेक घरांतील माणसांना नाटकाचे तिकीट काढणे परवडणारे नव्हते, आणि कित्येक घरांतील स्त्रियांना थिएटरात जाण्याची मोकळीक नव्हती. अशा या काळात विजापूरकडील एका कलावंत घराण्यातली मुलगी बालगंधर्वांची पदे गळ्यात घोटवीत वाढली. तिचे नाव गोहर. कलकत्त्याची विख्यात गायिका गोहरजान आणि रणजित मूव्हीटोनची नटी गोहर या दोघी निराळ्या, आणि गोहरबाई कर्नाटकी निराळ्या, हे येथेच सांगून ठेवलेले बरे. कारण नामसादृश्यामुळे या तिघींची वारंवार गल्लत होते.

मराठी नाट्येतिहासात गोहरबाईंचे नाव आदराने घेतले गेले आहे असे सहसा आढळत नाही. बालगंधर्वांसारखा देवमाणूस एका परक्या, परधर्मी, तरुण गायिकेच्या नादी लागला, आणि त्यामुळे गंधर्व नाटक मंडळीचे वैभव लयाला गेले, ही हकीकत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. जादूटोण्याच्याही गोष्टी निघाल्या. भाषेचेच पाहा. बालगंधर्वांस आपण अहो-जाहो करतो. पण त्याच वाक्यात ‘गोहर आली’, ‘गोहरने केले’ असे एकेरी क्रियापद सहज निघून जाते. एकाच संसारातल्या दोन माणसांना दोन निरनिराळी वचने लावली गेली, आणि निकाल तेथेच लागला. परंतु इतिहासाने निकाल द्यावयाचा तो सनावळी पाहून द्यावयाचा असतो. तेव्हा ती सनावळी एकदा नीट मांडून पाहू.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, आणि १९१३ साली गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ चे ‘स्वयंवर’ आणि १९१९ चे ‘एकच प्याला’ या नाटकांनी त्यांच्या कीर्तीचा कळस गाठला. उंची भरजरी शालू, खरे दागिने, अत्तराचा दरवळ, साथीला ऑर्गन आणि सारंगी, मोठा बिऱ्हाडखर्च, हे सारे त्या वैभवाचे अंगभूत होते. पण वैभवाची ही बाजू दिसत होती तेव्हाच कर्जाची बाजूही वाढत होती. टेंबे लवकरच बाहेर पडले, पुढे बोडसही गेले. १९२१ साली केशवराव भोसले यांच्यासह झालेला संयुक्त ‘मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. त्या रात्रीचे उत्पन्न देशकार्याला देणारी ही मंडळी त्या सुमारास स्वतः लाखांच्या घरातील ऋणाखाली होती. बालगंधर्व रंगभूमीवर राजे होते. हिशेबाच्या वहीपुढे ते भोळे होते.

याच वेळी जमानाही पालटत होता. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी आपली स्वतंत्र नाटक मंडळी काढली व स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी, ही गोष्ट प्रतिष्ठित करून दाखविली. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट मुंबईस लागला. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले व त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी भूमिका केली. यावेळी बालगंधर्वांनी पंचेचाळिशी गाठलेली होती. शरीर स्थूल झाले होते. सोळा वर्षांच्या रुक्मिणीचा भास उत्पन्न करणे हे त्या कंठालाच शक्य होते, देहाला नव्हे. १९३५ च्या सुमारास मंडळीचा जुना संसार मोडला. त्याच वर्षी ते प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ म्हणून दिसले; पण कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही, आणि ते नाते एका चित्रपटावरच थांबले.

गोहरबाई गंधर्व मंडळीत दाखल झाल्या, त्या १९३८ साली.

हा एक सन ध्यानात धरला म्हणजे रूढ हकीकतीचा पाया ढासळतो. जे वैभव त्यांनी बुडविले असे म्हणतात, ते त्यांच्या आगमनापूर्वीच बुडालेले होते. बालगंधर्व त्या वेळी पन्नाशीला आले होते. गोहरबाई त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान. ज्या आवाजाची त्यांनी दुरून उपासना केली, त्या आवाजाच्या मालकाने त्यांना आपल्या मंडळीत बोलावून भूमिका द्याव्यात, यात एका तरुण गायिकेस धन्यता वाटली तर नवल नाही. त्यातून उत्पन्न झालेला अनुराग हा केवळ पुरुषाच्या रूपावरचा नव्हता, तो गायकीवरचा होता. आणि अशा अनुरागात गुरू कोठे संपतो व प्रियकर कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण असते.

याचा अर्थ या प्रकरणात कोणावर अन्याय झालाच नाही, असा मात्र नव्हे. बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई हयात होत्या. मंडळीच्या भरभराटीतही त्यांच्या वाट्याला सुखापेक्षा सोसणेच अधिक आले होते, आणि आयुष्याच्या अखेरीस हेही पाहणे आले. १९४० साली त्या निवर्तल्या. घरची माणसे दुरावली. जुन्या सहकाऱ्यांनीही साथ सोडली. शिवाय गोहरबाईंचे गाणे कितीही घोटीव असले तरी ते मुख्यतः बालगंधर्वांच्या गाण्याचे प्रतिबिंब होते, हा आक्षेपही निराधार नाही. मूळ बिंब समोर उभे असताना प्रतिबिंबासाठी तिकीट कोण काढणार? मंडळीची घडी पुन्हा बसली नाही. पण लक्ष्मीबाईंच्या दुःखाचा जाब विचारावयाचा तर तो पन्नाशीच्या, जग पाहिलेल्या, कीर्तिमंत पुरुषास प्रथम विचारला पाहिजे. त्यांना भोळे म्हणून सोडून द्यावयाचे आणि तरुण स्त्रीस जादूगारीण ठरवावयाचे, हा न्याय नव्हे.

या न्यायाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून याच रंगभूमीच्या शेजारचे दुसरे उदाहरण घ्यावे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ बडोद्यास असता सरदार घराण्यातील ताराबाई माने त्यांच्या शिष्या झाल्या, आणि दोघांनी बडोदे सोडून एकत्र संसार मांडला. तेथेही गुरु-शिष्येचे नाते, तेथेही धर्म निराळा. १९२२ साली ताराबाई पाच मुलांसह वेगळ्या झाल्या. त्याच मुलांतून सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे हे महाराष्ट्राचे लाडके गायक-गायिका निघाले. त्या कथेत खाँसाहेबांस कोणी नाव ठेवीत नाही, ताराबाईंसही नाही. गाण्याने साऱ्यांवर पांघरूण घातले. गोहरबाईंच्या मागे असे पांघरूण घालणारे कोणी उरले नाही.

त्यांनी गमावले काय, हेही पाहिले पाहिजे. त्यांच्या भगिनी अमीरबाई कर्नाटकी बोलपटांच्या जगात राहिल्या. १९४३ च्या ‘किस्मत’मधील त्यांच्या गाण्यांनी सारा हिंदुस्थान नादावला आणि तो चित्रपट कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. बोलपट आणि तबकड्या यांचा मार्ग गोहरबाईंपुढेही मोकळा होता. त्यांनी मात्र ओसरत्या वैभवाची, कर्जाने वाकलेली मंडळी पत्करली. संपत्तीच्या लोभाने आलेली व्यक्ती मोडलेल्या घरात येत नसते, आणि आली तर तेथे राहत नसते.

गोहरबाई राहिल्या. बालगंधर्वांचे पाय पुढे अधू झाले. ते बसल्या जागी भजने गाऊ लागले. १९५१ साली त्यांनी गोहरबाईंशी विवाह केला. मुंबईस माहीमच्या बिऱ्हाडी पराधीन झालेल्या त्या देहाची शुश्रूषा करण्याचे काम वर्षानुवर्षे गोहरबाईंकडेच होते. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक आले, १९६४ साली पद्मभूषण आले. त्याच १९६४ साली गोहरबाई वारल्या. त्यानंतर बालगंधर्व एकाकी झाले आणि १५ जुलै १९६७ रोजी त्यांनी पुण्यास देह ठेवला.

एकूण हिशेब असा. बालगंधर्वांच्या वैभवाची वर्षे सुमारे पंचवीस. त्यांत गोहरबाईंचा वाटा शून्य. पडत्या काळाची वर्षेही तितकीच. त्यांतील बहुतेक सारी गोहरबाईंच्या सोबतीत गेली. ज्या काळात टाळ्या होत्या त्या काळाचे वाटेकरी पुष्कळ होते, आणि ज्या काळात अंथरूण होते त्या काळाची वाटेकरीण एकच होती. लक्ष्मीबाईंवर झालेला अन्याय त्यामुळे पुसला जात नाही. परंतु मंडळी बुडविल्याचा आरोप मात्र गोहरबाईंच्या नावावरून उतरविला पाहिजे, आणि ज्या वाक्यात बालगंधर्वांस आदरार्थी बहुवचन लागते, त्या वाक्यात त्यांनाही ते लागले पाहिजे.