नोंद नाही, की सापडत नाही?

पीएचपीवरून पायथन किंवा जावास्क्रिप्टकडे वळलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच: व्हेरिएबल आहे की नाही, ते तपासायचं कसं? पीएचपीचं इझसेट, व्हेरिएबल असूनही त्यात नल असेल तर 'नाही' म्हणून मोकळं होतं. जावास्क्रिप्टमध्ये नल वेगळं, अनडिफाइन्ड वेगळं. पायथन तर नाव ओळखीचं नसेल तर सरळ नेमएरर फेकतो. 'नाही' एकच, पण भाषा बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

आता म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तर चला जालन्याला.

ऑगस्ट 2023 च्या अखेरीस अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. मागणी होती मराठ्यांना कुणबी दाखले देण्याची. सप्टेंबरमध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकालीन कागदांत नोंदी आहेत का ते पाहणं हा तिच्या कामाचा गाभा. म्हणजे शुद्ध एक्झिस्टन्स चेक :)

पण इथेही भाषा बदललेली. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात. दरबारची भाषा आधी फारसी, मग 1880 च्या दशकापासून उर्दू. शिवाय काही कागद मोडीत. उर्दूत 'ण' नाही आणि ऱ्हस्व उकार सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे 'कुणबी' कागदावर उतरतो तो काफ, नून, बे, ये असा. वाचणारा त्याला कुनबी म्हणेल, कनबीही म्हणेल. देवनागरीतला नेमका 'कुणबी' शोधत बसलात तर उत्तर ठरलेलं: सापडत नाही.

दुसरी भानगड स्कोपची. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी अंबड आणि जालना तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, परतूर परभणीत. 1931 च्या दप्तरात 'जिल्हा जालना' शोधणाऱ्याच्या हाती अनडिफाइन्डच येणार. गाव मात्र जागच्या जागी होतं.

आणि याच्या उलटही होतं. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला गेला. पण गॅझेटियरमध्ये जातवार आकडे असतात, माणसांची नावं नसतात. क्लास आहे, ऑब्जेक्ट नाही! म्हणून चौकशीसाठी गावपातळीवर समित्या आल्याच.

चूक दोन्हीकडून महाग पडते. असलेली नोंद सुटली तर एखाद्या पोराची कॉलेजची जागा जाते. नसलेली नोंद 'आहे' ठरली तर ओबीसीतल्या दुसऱ्या कुणाची तरी जाते. तेव्हा 'नोंद आढळत नाही' असा शेरा मारणाऱ्याने कुठलं दप्तर, कुठली लिपी, कुठलं साल पाहिलं तेही खाली लिहावं. कोडमध्ये आपण एररसोबत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक मागतोच की.