आडनावाचे राजपद

शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी हे शब्द ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडील मराठी घरांत रुळलेले आहेत. तेथे आडनावास प्रत्यय लागला तेव्हा राज्याचे नाव सिद्ध झाले. प्राचीन रोममधील एका घराण्याच्या नावाला मात्र प्रत्ययाचीही गरज पडली नाही. ते नावच राजपद होऊन बसले. ते नाव सीझर.

इ. स. पू. ४४ च्या १५ मार्च रोजी जूलियस सीझरचा खून झाला. बहिणीचा नातू ऑक्टेव्हियस यास दत्तक घेतल्याचे त्याच्या मृत्युपत्रात निघाले. मुलगा अवघा १८ वर्षांचा, प्रकृतीने नाजूक. हा वारसा घेणे म्हणजे मारेकऱ्यांचे वैर पदरात घेणे, म्हणून सावत्र वडिलांनी तो नाकारावयास सांगितले. पोराने ऐकले नाही. त्याने सीझर हे नाव धारण केले आणि सीझरचे जुने शिपाई त्या नावाभोवती जमू लागले. या पोराचे सारे काही नावावर चालले आहे, असा टोमणा ॲन्टनीने मारला. टोमणा खरा होता. परंतु नावाची किंमत ॲन्टनीपेक्षा त्या पोरालाच अधिक कळली होती. पुढचा बादशहा ऑगस्टस तो हाच. इ. स. पू. ३० मध्ये इजिप्त हाती येताच त्याने क्लिओपात्रेचा मुलगा सिझेरियन यास ठार करविले. हा जूलियस सीझरचाच पुत्र, असे क्लिओपात्रा सांगत असे. त्याचे वय १७ च्या आसपास होते. अपराध एवढाच, की तोही सीझर म्हणवीत होता.

इ. स. ६८ मध्ये नीरोबरोबर ते घराणे संपले. नाव संपले नाही. रक्ताचा संबंध नसलेले बादशहाही ते लावीत राहिले. लॅटिनमधील जुना उच्चार ‘कैसर’च्या जवळचा, जर्मनांनी तो जवळजवळ तसाच उचलला. स्लाव भाषांत त्याचा झार झाला, अरबी-फारसीत पुन्हा कैसर. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीचा ‘कैसर-इ-हिंद’ हा किताब जाहीर झाला. तो सुचविणारे लाइटनर हे लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य. गंमत अशी, की १९१४ मध्ये इंग्रज जर्मन कैसराशी लढावयास निघाले, तेव्हा त्यांचा स्वतःचा राजाही हिंदुस्थानात कैसरच होता!

रशियाचा झार १९१७ त गेला, जर्मन कैसर १९१८ त. बल्गेरियातील नऊ वर्षांच्या झाराचे सिंहासन १९४६ मध्ये गेले. इंग्लंडच्या राजाने हिंदुस्थानचे सम्राटपद जून १९४८ मध्ये सोडले. सीझरच्या कुळाचे ‘जूलियस’ हे नाव मात्र खुनाच्या वर्षीच क्विंटिलिस महिन्याला देण्यात आले होते. आजचा जुलै तो हाच.