सिझेरियनची भूल : पाठीतल्या सुईला किती घाबरायचं?

जुने नाशिक असो की वडाळा गाव, घरात सिझेरियनची वेळ आली की प्रश्न ठरलेला, "पाठीत सुई देणार? मग कंबर जन्मभर दुखेल ना?" या भीतीपोटी काही घरचे लोक पूर्ण भुलीचा आग्रह धरतात. म्हणून भुलीचे प्रकार आणि त्यांचे त्रास आम्ही इथे देत आहोत.

स्पायनल (पाठीतली सुई)
बहुतेक सिझेरियन याच भुलीत होतात. कमरेखाली बधीर होतं, आई जागी राहते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. बीपी उतरणं, मळमळ, थंडी वाजणं, अंगाला खाज, काही तास लघवी न समजणं हे त्रास होतात. बहुतेक त्याच दिवशी जातात. शंभरात एखादीला किंवा त्याहून कमी जणींना नंतर डोकं दुखतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. त्यावर इलाज आहे, अंगावर काढू नका.

एपिड्युरल
कळा कमी करण्यासाठी पाठीत बारीक नळी ठेवलेली असेल तर तिच्यातूनच औषध वाढवतात. त्रास साधारण स्पायनलसारखेच.

पूर्ण भूल
रक्तस्राव, बाळाचे ठोके एकदम कमी होणं, रक्त न गोठणं किंवा स्पायनल न लागणं अशा वेळी ही द्यावी लागते. घसा दुखतो, उलटी होते, बाळ थोडं सुस्त असू शकतं. मोठा धोका म्हणजे पोटातलं अन्न फुप्फुसात जाणं. म्हणजे ज्या भुलीला आपण सोपी समजतो, तिच्यातच आईला जास्त जोखीम असते.

आणि कंबरदुखी?
सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो. पण कायमची कंबरदुखी स्पायनलमुळे होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नॉर्मल डिलिव्हरीनंतरही पुष्कळ बायकांची कंबर दुखते.

भूलतज्ज्ञांपासून लपवू नका
• शेवटचं कधी, काय खाल्लं. ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण ६ तास जेवण नाही, २ तास पाणीही नाही. "एक कप चहाच तर होता" हेही सांगा. रमजानमध्ये सेहरी किंवा इफ्तारची वेळ सांगा.
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, बीपी, औषधाची ॲलर्जी.
• पडद्याची काळजी असेल तर आधीच बोला. सुईसाठी पाठीचा थोडाच भाग उघडा लागतो, बाकी अंग झाकता येतं.

लगेच दवाखान्यात जा
पायातला बधिरपणा न जाणं, लघवी अडणं, ताप, पाठीत वाढतं दुखणं, डोकेदुखीबरोबर झटके किंवा धूसर दिसणं.

सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझेरियन मोफत आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने उशीर करू नका. आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी अम्मी, सासूबाई, नवरा, सगळ्यांनी मिळून एकदा विचारा, "कोणती भूल, आणि का?" हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे.