मुर्दाडशिंग ते टाल्कम

दिवाळी आटोपली, धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. तिकडून अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध अशी आलेली वाट आमच्या कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडून गोंदियाकडे जाते. पडदे आणि पेट्या लादलेल्या गाड्या आम्हा कोहमारावासीयांना नव्या नाहीत. त्या पेट्यांतली एक वस्तू आपल्या प्रत्येकाच्या घरातही असते. ती म्हणजे तोंडाला लावायची पावडर. तिच्यात असते तरी काय, हे आज पाहू.

या नाटकांच्या आधी इथे दंडार होती, खडी गंमत होती. स्त्रियांची कामे पुरुषच करत. राठ, उन्हाने रापलेला चेहरा टेंभ्याच्या उजेडात राणीचा दिसायला हवा, तर त्यावर काहीतरी जाड थर चढवणे भागच होते. त्यासाठी मुर्दाडशिंग वापरीत. पिवळसर, जड असा हा खडा पाण्यात उगाळून लावला की कातडीचा मूळ रंग पार नाहीसा होई. गालाला हिंगूळ, डोळ्यांत काजळ. झाली राणी तयार!

आता ही मुर्दाडशिंग म्हणजे काय? शिशाचे भस्म. रसायनशास्त्रात त्याला लेड मोनॉक्साइड म्हणतात. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या रसग्रंथात ‘साधारण रस’ म्हणून आठ द्रव्ये सांगितली आहेत. त्यात हिंगूळ आणि मृद्दारशृंग दोन्ही आहेत. वैद्य ती शोधन केल्याशिवाय वापरत नसत. नटाला मात्र शोधनाशी काय कर्तव्य? तो बाजारातून खडा आणी आणि सहाणेवर उगाळी.

आपल्या धानाच्या मुलुखात तांदळाची पिठी घरोघरी असताना नटांनी हे विष का पत्करले, असा प्रश्न कुणालाही पडेल. याचे उत्तर प्रकाशाच्या नियमात आहे. तांदळाची पिठी किंवा शंखजिरे कोरडे असताना पांढरे दिसते, पण घामाने भिजले की जवळजवळ पारदर्शक होते. शिशाची संयुगे ओली झाली तरी प्रकाश परतवतात. रात्रभर नाचणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या नटाला पिठी काय पुरणार! एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या स्त्रिया तांदळाचीच पावडर लावत. पण त्यांना टेंभ्यापुढे नाचायचे नव्हते.

शिसे अखंड कातडीतून फारसे आत जात नाही. ते जाते तोंडावाटे आणि श्वासावाटे. रंगलेल्या हातानेच विडी ओढायची, भाकर खायची, ओठांवरचा रंग घामासोबत गिळायचा. पोटात कळा येणे, मनगटातला जोर जाणे, हात थरथरणे ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे. जपानच्या काबुकी रंगभूमीवरही स्त्रीभूमिका पुरुषच करत आले आहेत. तिथे १८८७ साली सम्राटासमोर झालेल्या प्रयोगात नाकामुरा फुकुसुके या नामवंत नटाचे पाय थरथरू लागले आणि ते शिशाच्या सफेद्यामुळे, असे निदान झाले. तरीही त्या देशात असा सफेदा पूर्णपणे बंद व्हायला १९३० चे दशक उजाडले. जर्मनीत लुडविग लाइशनर या ऑपेरा गायकाने १८७३ सालीच बर्लिनमध्ये बिनशिशाच्या रंगांचा कारखाना काढला होता. रंग स्वतःच्या तोंडाला लावणारा माणूसच त्यावर उपाय शोधतो, यात मला नवल वाटत नाही.

शिशाची जागा घेतली ती जस्ताच्या भस्माने, म्हणजे झिंक ऑक्साइडने. इथे आपल्या भाषेने मोठा घोटाळा केला. शिशाचे पांढरे तेही सफेदा आणि जस्ताचे पांढरे तेही सफेदा! पुडीवर नाव एकच, आत काय ते दुकानदार जाणे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टायटॅनियम डायऑक्साइड कारखान्यांत तयार होऊ लागले. ते जस्ताहूनही जास्त झाकते. चेहरा झाकण्यासाठी शिसे लागतेच, ही सबब तेव्हा संपली.

आजच्या डबीत बहुधा टाल्क जास्त असते. टाल्क म्हणजे आपले शंखजिरे, सर्वांत मऊ खनिज. त्यामुळे पावडर हाताला रेशमासारखी लागते. केओलिन ही पांढरी माती तेल शोषते, पण जास्त झाली तर चेहरा कोरडा, भुरकट दिसतो. मक्याचे किंवा तांदळाचे पीठ ओल शोषते. दमट हवेत त्याच्या गुठळ्या होतात. अभ्रक चकाकी देते. मॅग्नेशियम स्टिअरेटमुळे पावडर कातडीला धरून राहते. आणि गव्हाळ, तांबूस छटा येतात त्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. आपल्या अंगणातल्या गेरूचा रंग त्याचाच!

टाल्कही निर्धोक म्हणून मिरवू शकत नाही. खाणीत त्याच्या शेजारी ॲस्बेस्टॉस सापडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगजनक’ गटात टाकले. जॉन्सन अँड जॉन्सनने आपल्या बेबी पावडरीतून २०२३ पर्यंत जगभर टाल्क काढून मक्याचे पीठ घालण्याचे ठरवले. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ पावडरीचा धुरळा उडवणे तर कोणत्याही परिस्थितीत वाईट; ती सरळ फुप्फुसात जाते.

आपल्याकडे रंगासाठी शिसे किंवा सोमल वापरलेल्या प्रसाधनांना कायद्याने बंदी आहे. डबीवर घटकांची यादी असावी लागते आणि जे जास्त, ते आधी लिहावे लागते. पण जत्रेत सुट्टा मिळणारा रंग, शेंदराची पुडी, भिंतीच्या रंगाच्या दुकानातला सफेदा यांवर अशी यादी नसते. शेंदूर पारंपरिक असेल तर तोही शिशाचाच. गावच्या हौशी मंडळींचे सामान अजून कधी कधी याच दुकानांतून येते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांची तोंडे रंगवताना मी गुरुजींना एवढेच विचारतो, की पुडी कुठून आणली?