पुनर्वसित गावातले अंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. आदल्या रात्रीच गणपती बोळवून लोक दमून निजले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. या पुनर्वसनाविषयी पुष्कळ लिहिले गेले: भूकंपरोधक बांधकाम, जागतिक बँकेचे कर्ज, वाटपाच्या तक्रारी. म्हातारी माणसे नव्या गावात चालणार कशी, हा प्रश्न मात्र मला त्यात क्वचितच भेटला.

जुने गावठाण म्हाताऱ्यांच्या सोयीचे होते असे म्हणताना जीभ अडखळते, कारण त्याच गावठाणाने माणसे मारली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाचा बोजा. पडझडीने बोळही बुजले. पण त्या बोळांत सावली होती, भिंतीचा आधार होता आणि दर चार घरांमागे ओटा होता. गुडघे धरलेली आजी मारुतीच्या पारापर्यंत जाताना दोन-तीन ठिकाणी टेकायची, दोन शब्द बोलायची, मग उठायची. तिचे अंतर ओट्यांनी मोजले जाई.

नवी गावे चौकटीत आखली गेली. रुंद रस्ते, घराघरांत मोकळी जागा, आणि गावाचा पसारा पूर्वीच्या कितीतरी पट. हा दोष एकट्या आराखडा काढणाऱ्यांचा नव्हे. ढिगाऱ्यातून वाचलेल्यांनाच घराला घर खेटलेले नको होते. घरे दिली गेली ती जमीनधारणेप्रमाणे: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. कोण कोणाच्या शेजारी राहत होते, याला त्या कोष्टकात रकाना नव्हता. बऱ्याच गावांत भावकी पांगली. जी जाऊ दारातून हाक मारली की यायची, ती आता तीन रस्ते पलीकडे. तरण्या माणसाला सायकल, पुढे मोटारसायकल मिळाली. काठी टेकणाऱ्याला एप्रिल-मेच्या उन्हात झाडाविना पसरलेला रस्ता मिळाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. वाटेत ठरावीक अंतरावर बसायची जागा हवी, असे तीत सांगितले आहे. मराठवाड्यातल्या गवंड्याला हे कोणी शिकवलेले नव्हते, तरी त्याने ओटा बांधलाच होता.

नव्या गावांत लोकांनी पुढे आपल्या हाताने भर घातली. घरांना पडव्या जोडल्या, पत्रे टाकले, दारापुढे कट्टे घातले, लिंबे लावली. नियोजनाच्या अंगाने पाहणाऱ्याला हा आखणीचा बिघाड वाटेल. मला त्या कट्ट्यांवर दुपार ढळल्यावर बसलेली माणसे दिसतात. पुढच्या कट्ट्यापर्यंत किती चालायचे, ते त्यांचे ठरलेले असते.