पोलीस ॲक्शन आणि हात आवरण्याची शिस्त

आपल्या मराठवाड्यात जुनी माणसे काळ सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘पोलीस ॲक्शननंतर’ असे म्हणत. नाव पोलिसांचे, परंतु १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या मुलखात शिरले ते भारताचे लष्कर. १७ तारखेला निजाम शरण आला आणि रझाकारांचा जुलूम संपला. या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी मूळचा लातुरातला वकील. कायदा शिकलेल्या माणसाने कायदा न जुमानणारी फौज उभी केली, हे गुरुजींनी मुलांना जरूर सांगावे.

पण इतिहास अर्धा सांगू नये. रझाकार गेले आणि मागोमाग सूड उठला. ज्यांचा काही अपराध नव्हता, असे कितीतरी मुसलमान गावोगाव मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने फिरून पाहणी केली. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे तिने सांगितले. त्यांत नांदेड होते, आणि लातूर तेव्हा ज्यात मोडे ते उस्मानाबादही होते. काही ठिकाणी गणवेशातली माणसेही या कृत्यांत होती, असे समितीने नोंदवले.

मग शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून वाचवायचे कोणी? त्यासाठी वेगळ्या तालमीची माणसे लागतात. केंद्रीय राखीव पोलीस दल १९३९ सालचे. त्यातूनच ७ ऑक्टोबर १९९२ रोजी, खास दंगली आवरण्यासाठी, दहा बटालियनांचे जलद कृती दल उभे राहिले. त्याची तुकडी चालवतो निरीक्षक. तुकडीचे भाग तीन: ढाल-लाठी घेऊन जमाव अडवणारे, अश्रुधूर सोडणारे आणि बंदूकवाले. बंदुकीची पाळी सर्वांत शेवटी. सुव्यवस्था हा राज्याचा विषय. म्हणून हे दल येते ते तिथल्या अधिकाऱ्यांच्या मदतीला.

आज लातूरला आणि नांदेडजवळ मुदखेडला राखीव दलाची प्रशिक्षण केंद्रे आहेत. बंदूक चालवायला शिकणाऱ्या जवानाला हात आवरायलाही शिकावे लागते, आणि ते अधिक कठीण.

मंडळी, दल कितीही जलद असले तरी वाटेत वेळ जातोच. अफवा मात्र घटकेत गावभर होते. तोवर शेजाऱ्याच्या दारात उभे राहायचे ते आपणच.