विंध्य खडकाचे वय

भोपाळच्या गोविंदपुऱ्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना उभा राहतो. तो उभारणाऱ्या कंपनीची स्थापना १९५६ सालची. म्हणजे ही औद्योगिक वस्ती कालपरवाचीच. भोपाळच्या टेकड्यांचा तांबूस वालुकाश्म मात्र अतिप्राचीन. त्याचे भव्य कडे शहराच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरांवर भीमबेटका येथे पाहावयास मिळतात.

विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली तेथील गुहाचित्रे उजेडात आणली. चित्रे पाहणारे पुष्कळ. ती ज्या भिंतींवर काढली आहेत, त्या भिंती पाहणारे थोडे. वस्तुतः त्या भिंती म्हणजे एका उथळ समुद्राची वाळू होय. पाण्याने उमटविलेल्या लहरी दगडात आजही स्पष्ट दिसतात. तिरपे थर प्रवाहाची दिशा सांगतात. त्या काळी जमिनीवर झाडझुडूप नव्हते, माती धरून ठेवणारी मुळे नव्हती. नद्यांनी वाळू मोकाट वाहून आणावी आणि लाटांनी ती पुनःपुन्हा चाळावी, असा क्रम चालला होता. मऊ खनिजे झिजून गेली; टणक गारगोटीचे कण तेवढे उरले.

हे केव्हा घडले, हाच वादाचा विषय. काळ ठरविण्याजोगे जीवाश्म या थरांत जवळजवळ नाहीत. अशा स्थितीत २०२१ साली ग्रेगरी रिटॅलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी भीमबेटकाच्या एका गुहेतील पानासारखा ठसा ‘डिकिन्सोनिया’ या आद्य प्राण्याचा असल्याचे जाहीर केले. तसे असते तर खडकाचे वय सुमारे ५५ कोटी वर्षे ठरले असते. परंतु वरच्या विंध्य थरांच्या वाळूत मिळालेले झिरकॉनचे कण सुमारे १०० कोटी वर्षांहून अलीकडचे नव्हते. नुसत्या अभावाने काही सिद्ध होत नाही, हे खरे. तरी सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांत एकही नवा कण त्या समुद्रात येऊ नये, हे नवलच.

जोसेफ मीर्ट व त्यांचे सहकारी ती भिंत पाहावयास गेले, तेव्हा ठसा सोलपटून निघू लागला होता. कोट्यवधी वर्षे टिकलेला जीवाश्म दोन-तीन वर्षांत झडत नाही! जवळच आग्या माश्यांची पोळी लटकत होती. तो ठसाही अशाच एका जुन्या पोळ्याचा अवशेष होता, असे त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. रिटॅलॅक यांनी आपली चूक मान्य केली. विद्वानांत हे वाटते तितके नित्याचे नाही. विंध्य खडकाचे वय पुन्हा त्या बारीक झिरकॉन कणांवर येऊन ठेपले.